मंडळीचे सालअखेर

मंडळीच्या कारभारात खजिनदाराचे पद पुष्कळांना भक्तीपासून सर्वांत दूरचे वाटते. पाळकाने प्रार्थना करावी, वडिलांनी आजाऱ्यांच्या समाचारास जावे, भजनी मंडळाने गावे, स्त्रियांनी प्रभुभोजनाच्या मेजावरचे शुभ्र वस्त्र धुवून ठेवावे, आणि या सर्व सेवांत ईश्वराचे सान्निध्य सहज प्रतीत व्हावे. परंतु दानाची थैली उलटी करून आणे-पै मोजणाऱ्या आणि रोजकीर्दीवर डोळे शिणवणाऱ्या मनुष्याच्या वाट्याला केवळ व्यवहार येतो, अशी समजूत आमच्या लोकांत रूढ आहे. नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी मिशनच्या शाळेत शिक्षक असताना तेथील मराठी मंडळीची खजिनदारी माझ्याकडे आली, त्या वेळी माझीही धारणा याहून फारशी निराळी नव्हती. ती पालटली ती प्रवचनांनी नव्हे, तर दर वर्षी फाल्गुनाच्या उन्हाबरोबर येणाऱ्या सालअखेरच्या कामाने. आणि त्या कामाविषयीच येथे लिहावयाचे आहे.

आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली. या मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली त्यांनी नगरास ठाणे दिले. १९२४ साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियाची स्थापना झाली, तेव्हा या मंडळ्याही त्या व्यापक संघात समाविष्ट झाल्या. आरंभीच्या पिढ्यांत पाळकांच्या वेतनाचा आणि मंदिराच्या डागडुजीचा भार पुष्कळ अंशी परदेशातून येणाऱ्या द्रव्यावर होता. पुढे मंडळीने स्वतःच्या पायावर उभे राहावे हा विचार बळावत गेला, आणि माझ्या हाती दप्तर आले त्या काळी आमच्यासारख्या लहान मंडळीला आपला पाळक आपणच पोसावयाचा होता. कोरडवाहू जमिनीवर राबणारी कुटुंबे, दोनचार शिक्षक, दवाखान्यातील एकदोन परिचारिका, कचेरीतून निवृत्त झालेला एखादा कारकून, एवढ्याच लोकांच्या अर्पणावर सारा संसार चालावयाचा. अशा ठिकाणी जमाखर्चाच्या प्रत्येक ओळीमागे एक ओळखीचा चेहरा असतो. रक्कम लहान असली म्हणून हिशेब सैल ठेवला तर चालते असे ज्यांना वाटते, त्यांनी लहान रक्कम देणाऱ्याचा त्याग कधी जवळून पाहिलेला नसतो.

मंडळीला दोन वर्षे असतात. एक वर्ष अंतःकरणाचे. ते नाताळानंतर एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री, सरत्या वर्षाच्या उपासनेत, गुडघे टेकून संपते. दुसरे वर्ष कायद्याचे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० साली झाला आणि देवस्थाने, मठ, वक्फ यांच्याबरोबर आमच्यासारख्या मंडळ्यांनाही आपली मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी नोंदवून ठराविक रीतीने हिशेब ठेवणे प्राप्त झाले. या अधिनियमाच्या तेहतिसाव्या कलमाप्रमाणे हिशेबाची तोंडमिळवणी दर साल एकतीस मार्चला, अथवा आयुक्त ठरवून देतील त्या दिवशी, करावयाची आणि मग तो तपासनिसापुढे ठेवावयाचा. ताळेबंदासाठी आठवे परिशिष्ट, उत्पन्न-खर्चाच्या पत्रकासाठी नववे. पूर्वी वहीच्या शेवटच्या पानावर ‘आजअखेर शिल्लक’ असे लिहून दोन वडिलांच्या सह्या घेतल्या की काम भागत असे. आता त्याच व्यवहाराला मालमत्ता, देणी, निधी आणि तरतुदी अशा कोष्टकांतून बोलावे लागू लागले. आमच्या वृद्ध सभासदांना हे परके वाटले, आणि त्यांना तसे वाटणे मी समजू शकत होतो. परंतु माझे स्वतःचे मत पहिल्या दोन सालअखेरींतच पक्के झाले की, हा कायदा आला नसता तर तो आम्ही आपल्यासाठी आपणच करावयास हवा होता.

मार्चअखेरचे हे वर्ष आणि मंडळीच्या सणांचे वर्ष यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. पुनरुत्थानाचा सण चंद्राच्या गतीप्रमाणे कधी मार्चच्या अखेरीस तर कधी एप्रिलच्या उत्तरार्धात येतो, आणि त्या दिवसाचे उपकारस्तुतीचे अर्पण आमच्याकडे वर्षातल्या मोठ्या जमेपैकी एक असे. १९५८ साली ईस्टर सहा एप्रिलला आले आणि १९५९ साली एकोणतीस मार्चला; म्हणजे १९५८-५९ या एकाच हिशेबी वर्षात दोन ईस्टर पडली. त्यापुढचे ईस्टर सतरा एप्रिल १९६० ला आल्यामुळे १९५९-६० या वर्षाला एकही लाभले नाही. दोन्ही सालांची पत्रके शेजारी ठेवून कोणी पाहिले असते तर मंडळीचा उत्साह एकाएकी ओसरला असा निष्कर्ष त्याने काढला असता. आणि तपासनिसांनी तसा प्रश्न विचारलाही. मी त्यांच्यापुढे पंचांग ठेवले. ते समजूतदार गृहस्थ होते; त्यांनी स्वतःच्या हाताने समासात तसा शेरा लिहिला. आकडा खोटा नसतानाही त्याचा अर्थ खोटा निघू शकतो, हे मी त्या वेळी जेवढे स्पष्टपणे पाहिले तेवढे पूर्वी पाहिले नव्हते, आणि तेव्हापासून मी प्रत्येक पत्रकाला चार ओळींचे स्पष्टीकरण जोडू लागलो.

कायद्याने एक वेदना मात्र दिली, तिचा उल्लेख टाळणे योग्य नव्हे. विश्वस्त व्यवस्थेच्या एकूण उत्पन्नातून शेकडा दोन रुपये सरकारच्या प्रशासन निधीत भरावे लागत. देवाला वाहिलेल्या दानातून सरकारने वाटा घ्यावा काय, हा प्रश्न आमच्या बैठकीत मोठ्या तळमळीने विचारला गेला. तो केवळ आमचाच प्रश्न नव्हता. जैन देवस्थानच्या आणि पारशी पंचायतीच्या विश्वस्तांनी तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता, आणि १९५४ साली त्या न्यायालयाने निर्णय दिला की, हा कर नसून देखरेखीच्या खर्चासाठी घेतलेली फी आहे. आमच्या एका वडिलांचे समाधान झाले नाही. त्यांनी त्या वर्षी आपल्या दशांशावर शेकडा दोन अधिक देऊन, ‘माझे दान तरी पूर्ण पोहोचू दे’, असे सांगितले. ती जादा रक्कम मी त्यांच्या नावे स्वतंत्र लिहिली. निषेधाची याहून सात्त्विक रीत मी पाहिलेली नाही.

प्रत्यक्ष काम फेब्रुवारीच्या मध्यास सुरू होई. प्रथम तसलमातीचा तगादा. वर्षभरात कोणा ना कोणाला काही कामासाठी आगाऊ रक्कम दिलेली असते: भजनी मंडळाला पेटीच्या भात्याच्या दुरुस्तीसाठी, तरुणांना अधिवेशनाच्या गाडीभाड्यासाठी, शब्बाथ शाळेच्या बाईंना नाताळच्या बक्षिसांसाठी. खर्च प्रामाणिकपणे झालेला असतो. पण पावत्या कोणाच्या गीतपुस्तकात, कोणाच्या कोटाच्या खिशात, कोणाच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेल्या तारेत असतात. संध्याकाळी शाळा सुटल्यावर घरोघर जाऊन त्या गोळा कराव्या लागत. या फेऱ्या मला जड वाटल्या नाहीत, कारण ज्या घरी पावती मागावयास जावे तेथे चहाबरोबर त्या घराची वर्षभराची सुखदुःखेही ऐकावयास मिळत, आणि अमक्याची वर्गणी भाद्रपदापासून का थकली याचे उत्तर विचारल्याविना कळे. थकबाकी वसूल करावयास गेलो आणि गरीब निधीतून मदत देण्याची शिफारस घेऊन परतलो, असेही घडले आहे.

मग जडसंग्रहाची मोजदाद. सतरंज्या, बाके, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, पेटी आणि तबला, प्रभुभोजनाचे पेले, बाप्तिस्म्याचे पात्र, घंटेचा दोर. प्रत्येक वस्तू पाहावी, मोजावी, मोडकी असेल तर तसे लिहावे. लग्नकार्यासाठी नेलेली सतरंजी परत आली नसल्याचे याच वेळी उघडकीस येई. नंतर बँकेच्या आणि पोस्टाच्या पासबुकांशी खतावणीचा मेळ. न वटलेला धनादेश, न लिहिलेले व्याज, दोन ठिकाणी चढलेली एकच रक्कम, हे सारे एकेक करून उकलावे लागे. या भागाविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही; कोणत्याही पेढीवरचा कारकून हे करतो.

धान्याचा हिशेब मात्र कोणत्याही पेढीवर सापडणार नाही. खरिपाची बाजरी खळ्यातून घरी आली की सुगीची उपासना होई, आणि रब्बीचा शाळू निघाल्यावर पुन्हा एकदा. त्या दिवशी मेजापुढची जागा बाजरीच्या पोत्यांनी, हुलग्याच्या गाठोड्यांनी, भोपळ्यांनी, अंड्यांच्या टोपल्यांनी आणि पाय बांधलेल्या कोंबड्यांनी भरून जाई. उपासना संपली की मंदिराच्या आवारात त्याच वस्तूंचा लिलाव. लिलावात मंडळीचेच लोक बोली लावत, आणि बाजारात चार आण्यांना मिळणारा भोपळा रुपयाला जाई, कारण बोली भोपळ्यावर नसून अर्पणावर असे. आता प्रश्न असा की, ज्याने पायलीभर बाजरी वाहिली त्याच्या नावे काय लिहावे? बाजारभाव, की लिलावात आलेली किंमत? पहिल्या रीतीने लिलावात जादा मोजणाऱ्याचे दान नाहीसे होते. दुसरीने ते धान्य देणाऱ्याच्या नावावर चढते. मी तीन रकाने आखले: वस्तू आणि माप देणाऱ्याच्या नावे, त्या दिवसाचा बाजारभाव, आणि त्याहून जास्त आलेली रक्कम लिलावात घेणाऱ्याच्या नावे. लिहिणे तिप्पट झाले, पण दोघांचेही अर्पण आपापल्या जागी राहिले. कोणी विचारील की पायलीभर बाजरीसाठी एवढा खटाटोप कशाला. मला वाटते की खटाटोप करावयाचा तो याच ठिकाणी, कारण हजाराची देणगी देणाऱ्याच्या हाती पावती असते आणि तो ती मागून घेतो, परंतु पायलीभर बाजरी देणारीने काहीच मागितलेले नसते.

माझ्या मते मंडळीच्या हिशेबाचे मर्म यातच आहे. तेथे येणारा पैसा केवळ पैसा नसतो. तो कोणत्या तरी हेतूला बांधलेला असतो, आणि वर्षअखेरीस तपासावयाचे ते हेच की तो त्या हेतूपर्यंत पोहोचला की वाटेत वळवला गेला. घरातली सुज्ञ स्त्री किराण्याचे, फीचे आणि औषधाचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत ठेवते, तसेच आमचे चार निधी होते. साधारण निधीतून पाळकांचे वेतन, दिवाबत्ती आणि प्रवासखर्च. इमारत निधी मंदिराच्या डागडुजीसाठी, आणि ज्या महिन्याला पाचवा रविवार येई त्या रविवारचे अर्पण वहिवाटीने त्यात जाई. गरीब निधीत दर पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळचे दान. आणि चौथा शब्बाथ शाळेचा, मुलांनी आणलेल्या पैशांचा. पेटी एकच, बँकेचे खाते एकच, परंतु खतावणीत या चौघांची घरे निराळी.

ही घरे निराळी राखणे कागदावर सोपे असते. श्रावण-भाद्रपदात कठीण होते. पेरणीला घरातले सारे गेलेले, पीक अजून शेतात, अर्पणाच्या थैलीत भोकाचे पैसे आणि क्वचित एखादी चवली. अशा वेळी साधारण निधी रिता होई आणि गरीब निधीत मात्र थोडी रक्कम शिल्लक असे. पाळकांचे वेतन त्यातून उसने घ्यावे, सुगीनंतर परत करावे, ही सूचना दर वर्षी येई आणि ती दुष्ट बुद्धीने येत नसे. आम्ही कधी कधी ती मान्यही केली. परंतु दोन अटींवर. उसनवार खतावणीत कर्ज म्हणून स्पष्ट दिसली पाहिजे, आणि एकतीस मार्चपूर्वी ती फिटलीच पाहिजे. गरीब निधीतून उसने घेण्याचा धोका एवढाच की गरीब तगादा लावीत नाहीत. त्यांच्या वतीने तगादा लावणे हे खजिनदाराचे काम आहे.

पवित्र शास्त्र हिशेबाविषयी जेवढे बोलते तेवढे आपल्या प्रवचनांत येत नाही, याची मला खंत वाटते. योवाश राजाच्या कारकिर्दीत मंदिराच्या दुरुस्तीसाठी आलेला पैसा याजकांच्या हाती येत राहिला आणि राजाचे तेविसावे वर्ष उजाडले तरी भगदाडे बुजली नाहीत. तेव्हा यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली आणि राजाचा चिटणीस व प्रमुख याजक अशा दोघांनी मिळून ती मोजावयाची असे ठरले. दोघांनी मोजावे, एकट्याने मोजू नये, ही आमच्या वस्त्रागारातील रविवारची रीत तेथूनच आली असे मी नव्या डीकनांना सांगत असे. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी ठिकठिकाणच्या मंडळ्यांत वर्गणी गोळा केली, तेव्हा ती एकट्याने न नेता मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, आणि करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याचे कारणही सांगितले: एवढ्या मोठ्या दानाविषयी कोणी दोष ठेवू नये, आणि जे योग्य ते देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही योग्य दिसावे. देव जाणतो, मग माणसांना हिशेब कशाला, असे म्हणणाऱ्या सत्प्रवृत्त लोकांना यापेक्षा निर्णायक उत्तर मला ठाऊक नाही. बारा शिष्यांतही थैली एकाकडेच होती, आणि योहान त्याच्याविषयी काय लिहितो हे सर्वांना माहीत आहे.

एक गुंता मात्र मला शेवटपर्यंत पूर्ण सुटला नाही. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये अशी आमच्या प्रभूची शिकवण. आणि हिशेबाचा धर्म असा की प्रत्येक रकमेला नाव असावे. गुप्तदान लिहिता येते, आणि आम्ही ते लिहीत असू. परंतु दशांश देणाऱ्या प्रत्येकाच्या नावे खाते असल्यामुळे कोण किती देतो हे खजिनदाराला कळतेच. देवळातल्या दानपेटीसमोर बसून प्रभूने लोकांना पैसे टाकताना पाहिले आणि त्या विधवेच्या दोन टोल्या इतरांच्या दानाहून मोठ्या ठरवल्या. खजिनदारही त्याच जागी बसलेला असतो, फक्त निवाडा करण्याचा अधिकार त्याला नसतो. पूर्वी वार्षिक अहवालात देणगीदारांची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने छापली जाई. मी ती वर्णानुक्रमाने लावली, पुढे रकमाही गाळल्या आणि ज्याचा आकडा त्याला पावतीने कळवला. काहींना ते आवडले नाही. काही घरांतून पुढील वर्षी आकडा घटला आणि काहींतून वाढला. त्या वाढघटीचा अर्थ लावण्याचा मोह मी कटाक्षाने टाळला.

या सर्व सालअखेरींत १९५६-५७ ची सालअखेर मला सर्वांत अधिक स्मरते. सोमवार, एक एप्रिल १९५७ पासून देशात दशमान नाणेपद्धती सुरू व्हावयाची होती. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा, एकशे ब्याण्णव पैंचा रुपया त्या दिवसापासून शंभर नव्या पैशांचा होणार होता. आणि एकतीस मार्च नेमका रविवार. तो मार्चमधला पाचवा रविवार होता, म्हणून त्या दिवसाचे अर्पण इमारत निधीचे. आणि पुढचा, सात एप्रिलचा, महिन्याचा पहिला म्हणून गरीब निधीचा. म्हणजे आणे-पैंतले शेवटचे दान मंदिराच्या कौलांसाठी आणि नव्या पैशांतले पहिले दान गरिबांसाठी, अशी वाटणी कोणी न ठरवता झाली होती. बँका बंद, त्यामुळे सकाळी मोजलेली रक्कम हातशिल्लक म्हणूनच दाखवावयाची, आणि तिच्याविषयी दोन वडिलांचा दाखला घ्यावयाचा. पावल्या, अधेल्या, चवल्या, आणे, भोकाचे पैसे यांच्या चळती लावून त्या आम्ही दोनदा मोजल्या. त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात सर्व खाती आणे-पैंत बंद केली आणि दुसऱ्या वहीत तीच बाकी नव्या पैशांत पुढे ओढली.

रूपांतराची कोष्टके पोस्टात, दुकानांत, वर्तमानपत्रांत सर्वत्र झळकली होती. एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. नियम असा की अर्धा नवा पैसा किंवा त्याहून कमी राहिला तर सोडून द्यावा, अधिक राहिला तर पुरा धरावा. आमच्या चार निधींच्या शिलकेत रुपयांवर सुटे आणे होते ते असे: गरीब निधीत दोन, साधारण निधीत सहा, इमारत निधीत दहा, शब्बाथ शाळेच्या निधीत चौदा. त्यांचे नवे पैसे झाले बारा, सदतीस, बासष्ट आणि सत्त्याऐंशी. बेरीज एकशे अठ्ठ्याण्णव. परंतु दोन, सहा, दहा आणि चौदा मिळून होतात बत्तीस आणे, म्हणजे पुरते दोन रुपये, आणि पेटीत तर ते दोन रुपये समक्ष होते. चारही निधींनी कोष्टकाच्या नियमाने प्रत्येकी अर्धा नवा पैसा गमावला होता, आणि दोन नवे पैसे निराधार उरले होते.

कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आमचे एक वडील म्हणाले की किरकोळ जमेत टाकून मोकळे व्हावे. सरकारी दप्तरातही तसेच करतात. त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. मी मात्र विषय पंचांपुढे ठेवावा असा आग्रह धरला, कारण किरकोळ जमा ही साधारण निधीची, आणि त्या दोन पैशांपैकी दीड पैसा साधारण निधीचा नव्हता. पंचांनी तो विषय तुच्छ मानला नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी आजही आदर आहे. ठराव असा झाला की, इतर तीन निधींनी आपापला अर्धा नवा पैसा गरीब निधीला द्यावा, आणि तशी नोंद सभेच्या इतिवृत्तात व खतावणीत करावी. तपासनिसांनी तो ठराव वाचून त्यावर आपली लहान सही केली.

दोन नव्या पैशांचा निकाल असा सुखाने लागला. परंतु त्याच रात्री ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूला जो आकडा लिहावा लागला तो सुखाचा नव्हता. साधारण निधीत शिल्लक दिसत होती ती खरी कशी, याचा विचार करता करता पाळकसाहेबांच्या वेतनाच्या पावत्या चाळल्या, तेव्हा फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांच्या पावत्या नव्हत्या. पैसे गेले नव्हते म्हणून पावत्या नव्हत्या. त्या वर्षी भाद्रपदातली उसनवार फेडून गरीब निधी पुरता करण्यात आला होता, कौलांचे बिल चुकते झाले होते, कोणाचीही बाकी उरली नव्हती; उरली होती ती एका मनुष्याची, ज्याने मागितले नव्हते. लहान मंडळ्यांचे हिशेब पुष्कळदा असेच जुळतात. तूट नाहीशी होत नाही, ती पाळकाच्या चुलीपाशी जाऊन बसते.

देण्यांच्या सदरात मी ती रक्कम लिहिली आणि मसुदा पाळकसाहेबांना दाखवावयास नेला. त्यांनी तो सावकाश वाचला आणि म्हणाले, “मास्तर, हे एवढे लिहू नका. लोकांनी या वर्षी पुष्कळ दिले. सभेत हे वाचले म्हणजे मी मागितल्यासारखे होईल.” मी म्हणालो, “साहेब, आपण ते सोडून देत असाल तर तसे लिहून द्या. मी आपल्या नावे दान म्हणून जमा धरतो आणि मंडळीला ते कळवतो. पण दिलेही नाही आणि देणेही नाही, असे मला लिहिता येणार नाही.” ते बराच वेळ गप्प राहिले. त्यांना चार मुले होती. थोरल्याची परीक्षेची फी भरावयाची होती हे मला शाळेतून ठाऊक होते. शेवटी त्यांनी मसुदा परत दिला आणि ती ओळ तशीच ठेवावयास संमती दिली.

वार्षिक सभा ईस्टरनंतरच्या आठवड्यात भरली. मी पत्रके वाचली. प्रथम उभी राहिली ती मागच्या बाकावरची एक वृद्ध विधवा, जिच्या घरून दर खरिपाला पायलीभर बाजरी येई. ती म्हणाली, “मास्तर, माझ्या बाजरीचं काय झालं ते सांगा.” मी सुगीची वही उघडून माप, त्या दिवसाचा बाजारभाव आणि लिलावात जादा आलेली रक्कम वाचून दाखवली, आणि सुगीची जमा वहिवाटीप्रमाणे साधारण निधीत गेली असे सांगितले. “म्हणजे साहेबांच्या पगारात,” ती म्हणाली. मी होय म्हटले. “मग साहेबांचा पगार राहिला कसा?” त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला महिन्यामहिन्याची जमा पुन्हा वाचावी लागली, आणि जी गोष्ट मी कोष्टकात लिहिली होती ती लोकांनी त्या वेळी खऱ्या अर्थाने ऐकली.

पुढे चर्चा लांबली. ठरले ते असे: थकलेली रक्कम पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत, म्हणजे नऊ जूनपर्यंत, पुरी करावी आणि तिच्यासाठी प्रत्येक घराने स्वतंत्र वचन द्यावे, यापुढे साधारण निधीतून दर महिन्याला पहिला खर्च पाळकांच्या वेतनाचा पडावा, आणि दिवाबत्ती, प्रवास, अधिवेशन ही मागाहून, आणि वेतन एका महिन्याहून अधिक थकले तर खजिनदाराने वार्षिक सभेची वाट न पाहता ते पुढच्या रविवारी जाहीर करावे. शेवटचे कलम मीच मांडले होते आणि पाळकसाहेबांचा त्याला विरोध होता. ते बहुमताने संमत झाले. रक्कम मुदतीच्या आत जमली. तिच्यात आणेही होते आणि नवे पैसेही, म्हणून पावती दोन्ही चलनांत लिहावी लागली. त्या वर्षापासून वार्षिक सभेत पत्रकांचे वाचन शिलकेपासून सुरू न करता देण्यांपासून सुरू करण्याचा पायंडा पडला, आणि मी खजिनदारी सोडली तोपर्यंत तरी तो चालू होता.